आडात आहे, मग पोहऱ्यात का नाही? एकूण लोह आणि उपलब्ध लोह

"साहेब, या दोन्हींपैकी एक लॅब खोटं बोलतेय," असं म्हणत एका काकांनी मागच्या हंगामात माझ्यापुढे दोन अहवाल ठेवले. एकावर लोह ६१,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), दुसऱ्यावर ३.१. वावर एकच, खड्डासुद्धा एकच. उसाला केवडा पडलेला, शेंड्याची पानं पिवळीधमक, म्हणून त्यांनी दोन ठिकाणी माती दिली होती. दोन्ही आकडे बरोबर होते. हे त्यांना पटायला अर्धा तास लागला आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. दोन्ही कागदांवर नुसतं 'लोह' एवढंच छापलेलं. एका लॅबनं एकूण लोह मोजलं होतं, दुसरीनं उपलब्ध लोह, आणि हे सांगायची तसदी दोघींनीही घेतली नव्हती.

मातीचे नमुने तपासण्यात माझी २२ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "आमच्या जमिनीत लोह भरपूर आहे, मग पिकाला कमी कसं पडेल?" कृषी केंद्राच्या काउंटरवर ऐकलं, पदवीधर सल्लागारांच्या तोंडूनही ऐकलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की आडात असलं म्हणजे पोहऱ्यात येणारच असं आपण धरून चालतो. मातीत तसं होत नाही.

एकूण लोहाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीव्र आम्लात माती उकळायची, खनिजांच्या पोटातलं जवळजवळ सगळं बाहेर काढायचं आणि मोजायचं. आपली काळी माती बेसाल्टची लेक आहे, तिच्यात शेकडा ५-६ लोह असणं नवलाचं नाही. शेकडा ६ म्हणजेच ६०,००० पीपीएम. आणि हो, पीपीएम व मिलिग्रॅम प्रति किलो हे मातीच्या अहवालात एकच, त्यावर कुणी डोकं शिणवू नये.

खरा घोळ आहे तो 'उपलब्ध' या शब्दात. ऐकणाऱ्याला वाटतं, मातीत एक वेगळा कप्पा आहे, त्यात पिकासाठी काढून ठेवलेलं लोह आहे, आणि लॅबनं तो कप्पा उघडून मोजला. असा कप्पा नसतो. अहवालावर येणारा उपलब्ध लोहाचा आकडा हे एका ठरलेल्या कृतीचं उत्तर असतं. डीटीपीए नावाचा पदार्थ धातूंना खेकड्यासारखा पकडतो. त्याचं द्रावण वापरायची पद्धत लिंडसे आणि नॉरवेल या दोघांनी १९७८ साली मांडली आणि आपल्याकडे तीच चालते. १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, बरोबर २ तास हलवायचं, गाळायचं, यंत्रावर वाचायचं. द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) ७.३ ला बांधलेला असतो आणि त्यात कॅल्शियम क्लोराईड घातलेलं असतं. त्यामुळे चुनखडीच्या जमिनीतला चुना विरघळत नाही. तो विरघळला तर त्यात अडकलेले धातूही मोकळे होतील आणि पिकाच्या मुळाला कधीच न मिळणारं लोह अहवालावर 'उपलब्ध' म्हणून येईल. मला या पद्धतीचं कौतुक वाटतं ते याचमुळे. आपल्या चुनखडीच्या जमिनीला तीच शोभते.

म्हणजे डीटीपीए हा एका ठरावीक मापाचा पोहरा आहे. २ तासांऐवजी ४ तास हलवलं की आकडा वाढतो. माती जास्त बारीक दळली की वाढतो. दुसरं द्रावण घेतलं की आकडा दुसराच येतो. म्हणून ३.१ ला ६१,००० ने भागून "तुमच्या जमिनीतलं फक्त ०.००५ टक्के लोह जिवंत आहे" असं शेतकऱ्याला सांगणारे सल्लागार भेटले की मला मनापासून राग येतो. त्या टक्केवारीला काही अर्थ नाही. ३.१ ला अर्थ येतो तो शेतावरच्या प्रयोगांमुळे. याच पोहऱ्यानं मोजलं असता लोह साधारण ४.५ च्या खाली असेल तर पीक लोह दिल्यावर सुधारतं, असं अनेक जमिनींवर दिसलं आहे. जस्तासाठी ही रेघ आपल्याकडे साधारण ०.६ ची, तांब्यासाठी ०.२ ची. पोहरा बदलला की रेघही बदलते.

मग आडातलं लोह जातं कुठे? कुठेच जात नाही, गंजाच्या रूपात तिथेच बसून राहतं. हवेशीर जमिनीत लोह फेरिक, म्हणजे गंजातल्या, रूपात असतं आणि सामू एका अंकानं वाढला की पाण्यातलं मोकळं फेरिक लोह हजार पटीनं घटतं. ५.५ सामूची कोकणातली जांभी माती आणि ८.३ सामूची चुनखडीची काळी माती, दोघींचं एकूण लोह सारखं निघालं तरी मुळाच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या दुनिया आहेत. त्यात काळ्या जमिनीत मुक्त चुना असला की पाण्यात बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाला जे थोडंफार लोह मिळतं तेही नीट वापरता येत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जुलैत सोयाबीनच्या वावरात जा. आठवडाभर झड लागली, पाणी साचलं, की भारी जमिनीतलं सोयाबीन पिवळं पडतं. पान हातात धरून बघा. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, आणि हे सगळं शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. खालची जुनी पानं हिरवीच असतात, कारण एकदा पानात बसलेलं लोह झाड सहसा परत काढून शेंड्याला देऊ शकत नाही. (नत्र कमी पडलं तर उलटं होतं, आधी जुनी पानं पिवळी पडतात. एवढ्यावरून युरियाची अर्धी उधळपट्टी वाचेल.) मग उघडीप मिळते, वाफसा येतो आणि आठ-दहा दिवसांत पीक आपोआप हिरवं व्हायला लागतं. या काळात जमिनीच्या एकूण लोहात कणभरही फरक पडलेला नसतो. मुळाला हवा मिळाली, बायकार्बोनेट उतरलं, एवढंच. त्याच आठवड्यात कुणी काही फवारलेलं असतं आणि श्रेय त्या बाटलीला जातं.

म्हणूनच चुनखडीच्या जमिनीत नुसती हिराकस (फेरस सल्फेट) फेकू नका. हिरवट खडे ओल्या मातीत पडले की काही दिवसांतच तांबूस होतात. हा रंग म्हणजे तुमच्या पैशांचा गंज. ६१,००० मध्ये आणखी थोडी भर पडते, ३.१ तिथेच राहतो. हिराकस द्यायचीच तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात एकास दहा प्रमाणात मिसळून, आठवडाभर मुरवून, सरीत मुळाजवळ द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. नाहीतर फवारणी करा. चिलेट, म्हणजे डीटीपीएसारख्या पदार्थानं पकडून ठेवलेलं लोह, घेणार असाल तर डब्यावरचं नाव वाचा. ईडीटीएचं लोह ७ च्या वरच्या सामूत टिकत नाही, ईडीडीएचएचं टिकतं. ते महाग आहे हे मला माहीत आहे, पण चुनखडीत स्वस्त चिलेट ओतणं मला मुळीच मान्य नाही.

आता हाच घोळ दुसऱ्या टोकाला माणसांच्या जिवावर कसा उठतो ते सांगतो. बंगालच्या खोऱ्यातल्या गाळात आर्सेनिक किती आहे? बऱ्याच ठिकाणी किलोला काही मिलिग्रॅम, म्हणजे जगातल्या कुठल्याही साध्या गाळात असतं तेवढंच. नुसता एकूण आकडा बघणारा माणूस म्हणेल, इथे भीती नाही. पण त्याच गाळातल्या कूपनलिकांचं पाणी पिऊन पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात लाखो लोकांच्या शरीरात आर्सेनिक गेलं.

हिशेब करून बघा. गाळात ३० टक्के पोकळी धरली तर १ लिटर भूजलाभोवती साधारण ६ किलो गाळ असतो. किलोला ३ मिलिग्रॅम धरलं तर त्या गाळात १८ मिलिग्रॅम आर्सेनिक झालं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे अठराशे भागांतला एक भाग सुटून पाण्यात आला की मर्यादा गाठली. एकूण आर्सेनिक मोजून तो एक भाग सुटला की नाही हे कळूच शकत नाही.

तो सुटतो कसा? पुन्हा गंजच. गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ लेप असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटलेलं असतं. खोल, कोंदट, सेंद्रिय पदार्थ असलेल्या गाळात प्राणवायू संपला की जिवाणू श्वासासाठी गंजाचंच लोह वापरतात. फेरिकचं फेरस, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारं लोह, होतं, लेप विरघळतो आणि लोहासोबत आर्सेनिक पाण्यात येतं. आपल्या उसाला लोह द्यायला जो गंज तयार नाही, तोच तिथे हवा संपल्यावर लोहही सोडतो आणि विषही.

भातखाचरात हे आणखी स्पष्ट दिसतं. पाणी तुंबवून ठेवलं की दाण्यात आर्सेनिक वाढतं आणि कॅडमियम हा दुसरा विषारी धातू कमी राहतो. पाणी काढून खाचर सुकवलं की उलटं होतं. कोंदट चिखलात सल्फाईडशी बांधलेलं कॅडमियम हवा लागली की मोकळं होतं. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीकाठी खाणीच्या सांडपाण्यातून शेतात आलेल्या कॅडमियमनं इताई-इताई हा हाडांचा रोग झाला, आणि जपानमध्ये अशा दूषित शेतातल्या भाताला लोंबी येण्याच्या सुमारास पाण्यात ठेवणं हा एक उपाय ठरला. मातीतलं एकूण कॅडमियम तेवढंच, पाण्याची पाळी बदलली की ताटातलं बदलतं.

म्हणून लॅबमध्ये गेलात की "लोह बघा" असं मोघम सांगू नका. पिकासाठी असेल तर डीटीपीए, सोबत सामू आणि मुक्त चुना मागा. पिण्याच्या पाण्याची शंका असेल तर पाणीच तपासा, शेजारची माती तपासून पाण्याचा अंदाज बांधू नका. दूषित जागेसाठी एकूण आणि विद्राव्य असे दोन्ही आकडे लागतात, आणि अहवालावर पद्धतीचं नाव नसेल तर तो परत करा. काकांनी पुढच्या वेळी तसंच केलं. पद्धत लिहिलेला अहवाल मागून घेतला, पण त्यावर जस्त एकदम ४ च्या वर. विचारल्यावर कळलं, माती गोळा केली होती गोठ्यातल्या जस्ती बादलीत. नमुना प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या आणि गंजलेल्या खुरप्याऐवजी लाकडी खुंटीनं खणा.