अर्धवट वळणाऱ्या सांध्याचं वंगण

ट्रकचं पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं, तिला किंगपिन म्हणतात. पोलादाची ही जाडजूड पिन अ‍ॅक्सलच्या टोकात घट्ट बसलेली असते. चाक धरणारा स्टब अ‍ॅक्सल वर एक आणि खाली एक अशा दोन बुशांच्या, म्हणजे पिनभोवतीच्या अस्तर-नळ्यांच्या, आधाराने तिच्याभोवती फिरतो. भरलेल्या मोठ्या ट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर 6 ते 7 टन येतात, म्हणजे एकेका बाजूला 3 टनांच्या वर. आणि हालचाल किती? स्टिअरिंग पूर्ण कापलं तरी चाक 50 अंशांच्या आसपास वळतं. सरळ रस्त्यावर तर तासन्‌तास एखादा अंश इकडे, एखादा अंश तिकडे, एवढंच. हे सांधे का झिजतात आणि त्यांना ग्रीस का लागतं, याचं उत्तर मला या अर्धवट हालचालीतच दिसतं.

इंजिनातल्या क्रँकशाफ्टचं तसं नाही. तो मिनिटाला हजार-दोन हजार वेळा फिरतो आणि फिरता फिरता तेल स्वतःच्या खाली ओढून घेतो. भरधाव गाडीचं चाक साचलेल्या पाण्यावर तरंगावं, तसा तो काही मायक्रॉन जाडीच्या तेलावर तरंगतो आणि धातूला धातू लागत नाही. जर्मन अभियंते रिचर्ड श्ट्रिबेक यांनी 1902 च्या सुमारास बेअरिंगांवर बारकाईने प्रयोग केले आणि घर्षण वेगाप्रमाणे आणि भाराप्रमाणे कसं बदलतं ते मांडलं. वेग अगदी कमी आणि भार खूप जास्त झाला की हे तरंगणं संपतं. किंगपिन, स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकल पिना, दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकांचे बॉल जॉइंट, हे सगळे कायम याच अवस्थेत काम करतात. तिथे धातूला चिकटून राहिलेला वंगणाचा पापुद्रा हाच काय तो आधार.

म्हणूनच तिथे तेल नाही, ग्रीस लागतं. ग्रीस म्हणजे नुसतं घट्ट तेल नव्हे. साबणाच्या अतिसूक्ष्म तंतूंचं जाळं असतं आणि त्या जाळ्यात तेल धरून ठेवलेलं असतं, स्पंजात पाणी असावं तसं. दाब आला की थोडं तेल बाहेर येतं, बाकीचं जागच्या जागी राहतं. डब्यावरचा 2 हा अंक त्याची घट्टता सांगतो. 25 अंश सेल्सिअसला ठरावीक मापाचा, 150 ग्रॅम वजनाचा शंकू ग्रीसवर सोडतात आणि तो 5 सेकंदांत किती रुततो ते मोजतात. 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुतला, तर ते ग्रीस 2 क्रमांकाचं. या सांध्यांच्या ग्रीसमध्ये बहुधा गंधक-फॉस्फरसची संयुगंही असतात. दोन पृष्ठभाग घासून तापले की ती धातूशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात. पुढचं घासणं धातूऐवजी त्या थराला सोसावं लागतं.

एकदा माझ्यासमोर एक जुनी किंगपिन ठोकून बाहेर काढली होती. पुसल्यावर तिच्या एका बाजूला आरशासारखी चकाकी दिसली आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातल्या घासणीच्या रेघासुद्धा शाबूत होत्या. बुशही गोल उरले नव्हते. वरचा बुश बाहेरच्या बाजूने पातळ झाला होता, खालचा आतल्या बाजूने. त्याचं कारण सरळ आहे. चाक पिनच्या बाहेर असतं. जमीन चाकाला वर रेटते, त्यामुळे स्टब अ‍ॅक्सलचं वरचं टोक आत आणि खालचं टोक बाहेर ढकललं जातं. उभा भार पेलणाऱ्या खालच्या थ्रस्ट बेअरिंगच्या कडेला लालसर भुकटी होती. इतकी बारीक की बोटांत चोळली तर गेरूसारखी वाटावी. जागच्या जागी सूक्ष्म थरथर होत राहिली की लोखंडाचे कण सुटतात आणि हवेत गंजतात, त्यांची ही भुकटी. ती कोरड्या सांध्याची खूण आहे, आणि ती स्वतःही पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

ग्रीसगनने ग्रीस भरताना म्हणूनच दोन कामं व्हायला हवीत. नवं ग्रीस भाराखालच्या बाजूपर्यंत पोचायला हवं आणि जुनं, पाणी-माती शिरलेलं ग्रीस बाहेर पडायला हवं. निपल, म्हणजे ग्रीस आत जाण्याचं छोटं तोंड, आधी फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर त्यावरची माती आपणच आत ढकलतो. नंतर दांडी हळूहळू दाबत राहा. आधी काळं, खरखरीत ग्रीस येतं, मग करडं, आणि शेवटी डब्यातल्या रंगाचं. किंगपिनवर हे नेमकं कुठे दिसायला हवं तेही ठरलेलं असतं. बहुतेक रचनांत वरच्या निपलचं ग्रीस अ‍ॅक्सल आणि स्टब अ‍ॅक्सल यांच्यामधल्या शिमच्या (पातळ चकतीच्या) फटीतून येतं, खालच्याचं थ्रस्ट बेअरिंगमधून. फक्त पिनच्या टोकावरच्या टोपीकडून आलं तर बुश कोरडाच राहिलेला असू शकतो. किती वेळा दांडी दाबली हे मोजून काही कळत नाही, बाहेर काय आलं ते पाहावं.

जॅक लावायचा की नाही, यावर मिस्त्री लोकांत वाद होतात. पाट्यांच्या पिनांना तरी भार काढलेला बरा. चॅसिस उचलून पाटे लोंबते केले की दबलेल्या बाजूची फट मोकळी होते आणि ग्रीस तिथे शिरतं. किंगपिनच्या बाबतीत मात्र काही अ‍ॅक्सल बनवणारे चाकं जमिनीवर ठेवूनच ग्रीस करायला सांगतात, काही उचलून. तिथे त्या अ‍ॅक्सलची पुस्तिका पाहणं हाच मार्ग. पाट्यांना रबरी बुश असतील तर ग्रीसचं कामच नाही. खनिज तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं.

ग्रीस अजिबात जात नसेल तर जोर वाढवू नका. आजच्या निपलची कल्पना ऑस्कर झर्क यांची, त्यांचं पेटंट 1929 चं. आत स्प्रिंगवर टेकलेली छोटी गोळी असते आणि वाळलेल्या ग्रीसने ती अडकते. निपल काढून बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. हाताच्या ग्रीसगनमध्ये काहीशे बार दाब तयार होतो, ट्रकच्या टायरमध्ये 8 बारच्या आसपास असतो. एवढ्या दाबाने बॉल जॉइंटचं रबरी बूट (आवरण) फाटतं आणि मग त्यातून पाणी आत जातं. गनचा होज (नळी) भेगाळलेला असेल तर ग्रीस कातडीखालीही शिरू शकतं. सुरुवातीला दुखत नाही, पण ती इजा गंभीर असते. लगेच रुग्णालयात जावं.

हाताशी असेल ते ग्रीस भरण्याचा मोहही टाळा. लिथियमच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचं ग्रीस मिसळलं तर मिश्रण पातळ होऊन ओघळू शकतं.

झीज किती झाली ते पाहायला पुढचं चाक उचलून, अ‍ॅक्सलखाली स्टँड लावून, चाक वरून आणि खालून पकडून हलवा. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर तो प्ले (ढिलेपणा) चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हललं तर किंगपिनचा. डाव्या-उजव्या बाजूने धरून, ब्रेक न दाबता, हलवलं की टाय रॉडचे जॉइंट कळतात. किती प्ले चालेल तो आकडा पुस्तिकेत असतो आणि तो डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावून मोजावा. बुश त्यापलीकडे गेला असेल तर ग्रीस भरल्याने आवाज काही दिवस दबतो, प्ले मात्र तेवढाच राहतो. मग पिन आणि बुश दोन्ही बदलावे लागतात.