तलावकाठाची धूपप्रवणता (नागपूर परिसर)

लाटा, पावसाचे वाहते पाणी, पातळीतील चढउतार आणि माणसा-जनावरांची वर्दळ यांमुळे तलावाचा काठ किती सहज झिजतो, ते त्याच्या धूपप्रवणतेवरून कळते. अमेरिकेतील मिशिगनसारख्या अफाट सरोवराच्या काठी पुळण आणि वाळूच्या टेकड्या असतात. तेथे पातळी चढली की लाटा टेकडीचा पायथा पोखरतात आणि वाळू धरून ठेवणारे गवत तुडवले गेले की उरलेली वाळू वारा उडवतो. नागपूरकडचे तलाव लहान, माणसांनी पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून अडवलेले. येथे काठ म्हणजे मुरूम, काळी माती आणि बेसाल्टचे गोटे.

काळी माती उन्हाळ्यात आकसते व तिला खोल भेगा पडतात. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी त्या भेगांत शिरते आणि काठाचे ढेकळेच्या ढेकळे सुटतात. दुसरा धोका पाणी झपाट्याने उतरताना असतो. काठावरचा पाण्याचा दाब जातो, माती मात्र आतून भिजलेली व जड राहते, आणि उतार घसरतो. म्हणूनच तलाव भरलेला असताना भक्कम दिसलेली पाळ पाणी सोडल्यावर खचते.

लाटांचा जोर वाऱ्याच्या दिशेतील मोकळ्या पाण्याच्या लांबीवर ठरतो. ही लांबी दुप्पट झाली तर लाटेची उंची सुमारे १.४ पट आणि ऊर्जा दुप्पट होते. पावसाळी वारे पश्चिमेकडून येत असल्याने पूर्वेकडचा काठ आधी झिजतो. १८७० मध्ये बांधलेल्या अंबाझरीची पाळ याच बाजूला आहे. सांडव्याखालची, म्हणजे तलावाचे जादा पाणी बाहेर पडते त्या वाटेखालची, धूप निराळी. तेथे लाट नसते, वेग असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत अंबाझरी ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा हा वेग शहराने पाहिला.

मातीची परीक्षा सोपी आहे. हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या ग्लासात, पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात, न हलवता सोडावे. ते नुसते फुटून तळाशी बसले तर माती भिजल्यावर सुटणारी आहे. भोवती दुधाळ ढग पसरला तर ती पाण्यात विरणारी, म्हणजे सर्वांत धोक्याची. नळाचे वा विहिरीचे पाणी घेऊ नये. त्यातील क्षारांमुळे ढग दबतो आणि वाईट माती चांगली ठरते.

उपायांत सर्वाधिक चूक दगडी पिचिंगमध्ये, म्हणजे उतारावर दगड रचून केलेल्या अस्तरात, होते. मातीवर थेट दगड रचले की लाट मागे जाताना फटींतून माती ओढून नेते. वरून सारे जागच्या जागी दिसते, आत पोकळी वाढत जाते. दगडाखाली आधी जाड वाळू, तिच्यावर गिट्टी, प्रत्येकी सुमारे १५ सेंमी, असा गाळणथर हवाच. नेहमीच्या पाणरेषेच्या वर वाळा लावावा: पावसाळ्याच्या सुरुवातीला, उताराला आडव्या ओळीत, १० ते १५ सेंमी अंतरावर. त्याची मुळे सरळ खाली २ ते ३ मीटर जातात. कोवळी रोपे बुडाली तर कुजतात, त्यामुळे ओळ अगदी पाण्याला खेटून नसावी. पाळीवर वड, पिंपळ किंवा बाभूळ वाढू देणे घातक आहे. झाड मेल्यावर कुजलेल्या मुळांच्या वाटेने पाणी झिरपू लागते. ही झाडे रोप असतानाच काढावीत. मोठे झाड नुसते तोडून मुळे आत ठेवू नयेत, आणि मुळे काढलेला खड्डा पाळीच्याच मातीने थर देत, ठोकून भरावा.