फेरमांडणीची क्रियापदे (मराठी)

वस्तू, माणसे किंवा मजकूर यांची जागा अथवा क्रम बदलण्यासाठी मराठीत वापरली जाणारी क्रियापदे. लावणे, मांडणे, रचणे, आवरणे, हलवणे, जुळवणे, पिसणे, फिरवणे ही रोजच्या बोलण्यातली. पुनर्रचना करणे, फेरबदल करणे ही कचेरीतली आणि वर्तमानपत्रातली. समानार्थी शब्दांच्या यादीत ती शेजारी शेजारी बसतात, पण वाक्यात एकाच्या जागी दुसरे घातले की बहुधा अर्थ सरकतो.

एकच कपाट घेतले तरी हे दिसते. ‘कपाट आवरले’ म्हणजे आतला पसारा काढला. क्रम लागला असेलच असे नाही. ‘कपाट लावले’ म्हणजे प्रत्येक गोष्टीला जागा ठरली, साड्या एका कप्प्यात, कागद दुसऱ्यात. ‘कपाट हलवले’ यात आतले जसेच्या तसे राहून कपाटाची जागा बदलली आणि ‘सरकवले’ यात तेही जमिनीवरून, थोडेसेच. पुस्तके कपाटात लावतात, प्रदर्शनात मांडतात आणि जागा नसली की कोपऱ्यात एकावर एक रचतात. मांडणे यात समोरच्याला दिसणे येते. म्हणून रुखवत मांडतात, पूजा मांडतात, दुकान मांडतात, आणि सभेत मुद्दाही मांडतात.

रचणे यात भार येतो. उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाला आणि वर जाताना एकाहून एक लहान. मधले हवे असेल तर वरची सगळी आधी उतरवावी लागतात. गोदामात पोत्यांची थप्पी लावताना एक थर उभा, पुढचा आडवा घेतात. सगळे थर एकाच दिशेने घेतले तर पोती एकमेकांत अडकत नाहीत आणि थप्पी बाजूने ढासळते.

पत्त्यांच्या डावात लावणे आणि पिसणे ही विरुद्ध क्रियापदे आहेत. पत्ते पिसतात, काटतात, वाटतात. मग हातात आलेली पाने रंगाप्रमाणे लावतात. असलेला क्रम मुद्दाम मोडण्यासाठी केलेली फेरमांडणी म्हणजे पिसणे. म्हणून ‘फायली पिसल्या’ हे चेष्टेतच म्हणता येते.

फिरवणे आणि पालटणे यांत क्रमापेक्षा बाजू किंवा पाळी बदलते. भाकरी वेळेवर फिरवली नाही तर करपते. राजकारणात ‘भाकरी फिरवणे’ म्हणजे पदांवरची माणसे बदलणे. शरद पवारांनी २०२३ मध्ये हा वाक्प्रचार वापरल्यावर तो बातम्यांत पुन्हा गाजला. अधिकाऱ्यांच्या बदल्यांना वर्तमानपत्रे ‘खांदेपालट’ म्हणतात, मूळ चित्र ओझ्याखालचा खांदा बदलण्याचे. शेतातली फेरपालट मात्र हंगामाहंगामाने होते: तृणधान्यानंतर हरभरा, तूर यांसारखे कडधान्य घेतात, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. शिवाय तेच पीक पुन्हा पुन्हा घेतल्यास त्याचे रोग आणि कीड जमिनीत मुक्काम करतात.

पुनर्रचना हा शब्द रचनेचा आराखडाच बदलतो तिथे शोभतो. राज्य पुनर्रचना कायदा १९५६ चा. त्यानुसार मराठवाडा आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. टेबलावरच्या फायलींसाठी ‘नीट लावल्या’ पुरते. ‘पुन्हा पुनर्रचना’ ही द्विरुक्ती, पूर्वी एकदा पुनर्रचना झाली असेल तरच चालते. संस्कृत संधिनियमानुसार र् पुढे र आल्यावर पहिला लोपून आधीचा स्वर दीर्घ होतो (निः + रस = नीरस), पण मराठीत ‘पुनर्रचना’च रूढ आहे. लिहिताना सर्रास ‘पुर्नरचना’, ‘पुर्नविकास’ अशी चूक होते. रफार ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या आधी उच्चारला जातो, हे विसरल्याने तो न वर जाऊन बसतो. ‘पुनर्रचना’ टंकताना न, र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), र असा क्रम ठेवावा.

अदलाबदल दोन पक्षांत होते: माझे तुला, तुझे मला. जागा चुकवणे म्हणजे ‘इकडचे तिकडे करणे’, आणि उलट ‘जागच्या जागी ठेवणे’. फेरफार या शब्दाला बहुतेक ठिकाणी लबाडीचा वास येतो (हिशेबात फेरफार, गुणपत्रिकेत फेरफार). महसूल खात्यात तो निर्मळ आहे. खरेदी, वारस किंवा वाटणीमुळे जमिनीवरील हक्क बदलला की त्याची नोंद गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत होते आणि ती प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर नाव बदलते.