युद्धकाळातील पत्रे व मौखिक इतिहास

युद्धकाळात सैनिक आणि त्यांच्या घरच्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे आणि त्या काळातून गेलेल्या माणसांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती यांच्या आधारे एखाद्या प्रदेशाचा इतिहास जपण्याची पद्धत. पलटण कुठून कुठे गेली, किती माणसे पडली, हे सरकारी दप्तरात सापडते. भरतीनंतर शेत कोणी कसले, मृत्यूची बातमी घरी कोणी वाचून दाखवली, हे मात्र पत्रांत आणि आठवणींतच असते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी सैनिकांच्या टपालावर १९१४ च्या अखेरीपासून सेन्सॉरची नजर होती. अनेक शिपाई निरक्षर. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे आणि घरीही ते कोणीतरी वाचून दाखवायचे. मनातले सरळ लिहिण्याची सोय नव्हती. मग हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतात, असा मजकूर एका पत्रात आला. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. या पत्रव्यवहारातले जे आज वाचायला मिळते, ते मुख्यतः सेन्सॉरच्या अहवालांतील इंग्रजी उताऱ्यांच्या रूपात. हे अहवाल ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आशय वाचला, बोली गेली. प्रदेशाच्या इतिहासाचे हे मोठेच नुकसान आहे.

बोली वाचल्याचे उदाहरण जर्मनीत सापडते. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणीतील हिंदी युद्धकैद्यांचे आवाज भाषाभ्यासासाठी तबकड्यांवर मुद्रित झाले. ११ डिसेंबर १९१६ रोजी एक पंजाबी कैदी स्वतःबद्दलच ‘एक माणूस होता’ अशा तऱ्हेने बोलला : हिंदुस्थानात तो लोणी खायचा, आता त्याला परत जायचे आहे. या ध्वनिमुद्रिका हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. ही मुलाखत नव्हे, कारण त्याला कोणी काही विचारलेच नाही. तरी ऐकणाऱ्याच्या मनातून तो आवाज जात नाही.

मौखिक इतिहासाला संस्थात्मक रूप १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात इतिहासकार अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी दिले. अमेरिकी काँग्रेसने २००० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात माजी सैनिकांच्या मुलाखती, पत्रे व छायाचित्रे एकत्र स्वीकारली जातात. पत्र आणि मुलाखत शेजारी ठेवण्याचा हा मार्ग सर्वांत फलदायी ठरतो. पत्र त्या दिवसाचे असते, पण सेन्सॉरच्या आणि आईच्या काळजीने आवरलेले. मुलाखत मोकळी असते, पण काही दशकांनंतरची. इटलीतील तेर्नी गावात एक कामगार मार्च १९४९ मध्ये मारला गेला. पुढे अनेकांना तो प्रसंग १९५३ च्या संपातला म्हणून आठवत होता. ही निव्वळ चूक नाही, असे मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दाखवले : गावाचा जिव्हाळ्याचा लढा १९५३ चा होता, म्हणून मृत्यूही तिकडे सरकला. अशी सरमिसळ खोडून न टाकता नोंदवायची असते.

पत्र जपताना पाकीट फेकू नये; टपालाचा शिक्का त्यावरच असतो. टाचण्या काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, कागद आम्लरहित वेष्टनात ठेवावा. मुलाखतीचे लिप्यंतर बोलीतच करावे. ‘शुद्ध’ केले की बोलणारा माणूस हरवतो. वाडी-वस्तीची नावे तो उच्चारतो तशीच लिहावीत. मुलाखतीआधी लेखी संमती घ्यावी. काही भाग हयातीत उघडू नये असे कोणी सांगितले, तर तो तसाच बंद ठेवावा. जुने पत्र हातात दिल्यावर काही जण बराच वेळ गप्प बसतात. तेव्हा ध्वनिमुद्रण थांबवू नये, पुढचा प्रश्नही विचारू नये.