गाणं तयार आहे, पोचवणार कोण?

नवे अल्बम शुक्रवारी येतात ही रीत पूर्वापार वाटते, पण ती १० जुलै २०१५ पासूनची आहे. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार आणि जर्मनी-ऑस्ट्रेलियात शुक्रवार, असा ज्याचा त्याचा वार ठरलेला असे. एका देशात अल्बम आला की दुसऱ्या देशात त्याच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर फिरू लागत, म्हणून सगळ्यांचा मिळून एकच वार केला गेला. बेगर्स ग्रुप या स्वतंत्र लेबलसमूहाचे (लेबल म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, स्वतंत्र म्हणजे बड्या कंपन्यांच्या ताब्यात नसलेली) मार्टिन मिल्स यांनी त्याच वेळी जाहीर हरकत घेतली. यात मुख्य प्रवाहाचं फावेल आणि कडेचं संगीत आणखी कडेला ढकललं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

बड्या कंपन्यांपुढे छोट्यांचं संगीत लोकांपर्यंत पोचायचं कसं, हे भांडण नवं नव्हतं. स्वतंत्र रॉक आणि लोकसंगीताचा इतिहास सांगताना ध्वनिमुद्रण किती स्वस्त झालं याचंच कौतुक जास्त होतं. माझ्या मते गोष्ट निम्मीच सांगितली जाते. गाणं मुद्रित करणं दर पिढीत सोपं होत गेलं. घोडं पेंड खायचं ते तबकडी लोकांपर्यंत पोचवताना.

लोकसंगीताच्या लोकांनी हे आधी ओळखलं. ब्रिटनमध्ये टॉपिक रेकॉर्ड्स १९३९ मध्ये वर्कर्स म्युझिक असोसिएशनच्या छत्राखाली सुरू झालं. दुकानांच्या भरवशावर न राहता सभासदांना तबकड्या पाठवायच्या, हा त्यांचा सुरुवातीचा मार्ग. हे लेबल आजही चालू आहे. अमेरिकेत मोझेस ॲश यांची आधीची कंपनी बुडाली आणि १९४८ मध्ये त्यांनी मॅरियन डिस्लर यांच्यासोबत फोकवेज काढलं. एखादी तबकडी तुफान खपेल या आशेवरच पहिली कंपनी खड्ड्यात गेली होती. त्यामुळे फोकवेजचं गणित उलटं मांडलं: थोड्या प्रती काढायच्या, संपल्या की पुन्हा थोड्या काढायच्या आणि यादीतून काहीही वगळायचं नाही. वर्षाला चार-दोन प्रती खपणारी तबकडीही यादीत राहायची. एखादं अक्षर कमी वापरलं जातं म्हणून कोणी ते वर्णमालेतून काढून टाकतं का, असं ॲश विचारत. पाकिटंही त्याच हिशेबातली होती. जाड काळ्या पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवलेला आणि आत गाण्यांची माहिती देणारी पुस्तिका. छपाईचा खर्च वाचे आणि गरजेपुरतीच पाकिटं तयार करता येत. १९८६ मध्ये ॲश गेले तेव्हा यादीत दोन हजारांहून अधिक अल्बम होते. पुढच्या वर्षी स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या संस्थेने हा संग्रह घेतला तो सगळे अल्बम उपलब्ध ठेवण्याच्या अटीवरच.

गिटारवादक जॉन फाहे यांनी १९५९ मध्ये टाकोमा या आपल्याच लेबलवर पहिला अल्बम काढला तेव्हा वितरक वगैरे भानगडच नव्हती. शंभरेक प्रती. त्यातल्या काही त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानांत गुपचूप नेऊन ठेवल्या, म्हणजे कोणाच्या तरी हाती लागतील!

रॉकला हे शहाणपण यायला १९७७ उजाडलं. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारीअखेर ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्याच लेबलवर काढली. पहिल्या प्रती एक हजार. मुखपृष्ठावर पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेला फोटो. पण खरी गंमत पाकिटाच्या पाठीमागे आहे: कोणतं गाणं कितव्या टेकचं, म्हणजे कितव्या प्रयत्नात मुद्रित झालेलं, आणि त्यावर नंतर किती आवाज चढवले, हे तिथे सरळ छापलं आहे. हॉटेलने बिलामागे पाककृती लिहून द्यावी तसा हा प्रकार. वाचणाऱ्याच्या डोक्यात साहजिकच आलं, मग हे आपल्यालाही जमेल. हजार प्रती हातोहात गेल्या, उसने पैसे फिटले आणि पुढे खप सोळा हजारांच्या आसपास पोचला.

तो पोचला कसा, हे पाहायला हवं. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये रफ ट्रेड हे दुकान थाटलं होतं. असल्या तबकड्या ते दुकानात ठेवत आणि टपालाने बाहेरगावीही पाठवत. १९७८ मध्ये दुकानाचं लेबल निघालं. पुढे ठिकठिकाणच्या अशाच वितरकांनी एकत्र येऊन ‘द कार्टेल’ हे जाळं विणलं आणि कुठल्या तरी गावातल्या बँडची तबकडी देशभर मिळू लागली. बड्या कंपन्यांच्या गाडीत न बसता माल पोचवण्याची सोय झाली.

जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र संगीताची खपावर ठरणारी वेगळी क्रमवारी सुरू झाली. त्यात शिरायचा निकष वाद्यांचा किंवा शैलीचा नव्हता, वितरणाचा होता. तबकडी बड्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली नसली की झालं. त्यामुळे दशकाच्या अखेरीला कायली मिनोग या ऑस्ट्रेलियन गायिकेची चकचकीत पॉप गाणीही या यादीत वर झळकली, कारण तिच्या लेबलचा वितरक स्वतंत्र होता. गिटारवाले अर्थातच वैतागले. पण नियम नियम होता, आणि माझ्या मते तो प्रामाणिकही होता.

दरम्यान १९७९ मध्ये टीॲक या जपानी कंपनीचा पोर्टास्टुडिओ बाजारात आला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार वेगवेगळे आवाज, मुद्रित करणारं टेबलावर मावेल असं यंत्र. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरी त्यावरच मुद्रित झाला, पण त्यामागे कोलंबियासारखी बडी कंपनी उभी होती. ज्यांच्यामागे कोणी नव्हतं त्यांची कॅसेट टपालाने आणि कार्यक्रमाच्या दाराशी मांडलेल्या टेबलावरूनच विकली जायची. १९९१ मध्ये रफ ट्रेडची वितरण शाखा कोसळली तेव्हा तिच्या भरवशावर असलेल्या लेबलांचे पैसे अडकले आणि काही त्यात बुडालीही. गाणी चांगली होती की वाईट, याचा त्यात काही संबंध नव्हता.

इंटरनेटने हा अडथळा दूर केला असं म्हणतात. १९९८ मध्ये सीडी बेबी आलं, तिथे कोणालाही आपली सीडी विकायला ठेवता येऊ लागली. २००८ मध्ये बँडकॅम्प आलं, कलाकाराने आपलं संगीत थेट श्रोत्यांना विकायची वेबसाइट. डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि तबकड्या, टी-शर्ट अशा वस्तूंच्या विक्रीतले साधारण १० टक्के स्वतःकडे ठेवून उरलेले पैसे ते कलाकाराला देतं. २० मार्च २०२० रोजी, कार्यक्रम बंद पडलेले असताना, त्यांनी एक दिवस आपला वाटा सोडला आणि त्या एका दिवसात ४३ लाख डॉलरची विक्री झाली. असे दिवस त्यांनी पुढेही ठेवले, आणि कित्येक कलाकार नवा अल्बम मुद्दाम त्या दिवशी काढू लागले.

स्ट्रीमिंगचं गणित निराळं आहे. गाणं कोणीही चढवू शकतं, त्यामुळे दुकानाच्या फळीवरच्या जागेऐवजी आता प्लेलिस्टमधल्या जागेसाठी झुंबड असते. स्पॉटिफायने २०२४ पासून वर्षात किमान एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधन देणं बंद केलं. ॲश यांच्या यादीतल्या किती तबकड्या या चाळणीतून खाली पडल्या असत्या, हा विचार मनात येतोच. बँडकॅम्पही २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीकडे गेलं, २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीत-परवान्यांच्या कंपनीकडे, आणि त्या दुसऱ्या बदलात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. १९९१ चा फटका आठवणारी लेबलं म्हणूनच आपल्या ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांची यादी स्वतःकडे जपतात, आणि नव्या अल्बमची बातमी आधी तिथे देतात.