मनाने वयापेक्षा लहान वाटणं

आधार कार्डवर ४१ आणि आतून अजून कॉलेजच्या सेकंड इयरला असल्यासारखं वाटतं, याला मानसशास्त्रात सब्जेक्टिव्ह एज म्हणजे मनाला जाणवणारं वय म्हणतात. सोसायटीतली पोरं "काका, बॉल द्या ना" म्हणून ओरडतात आणि माणूस आधी मागे वळून बघतो की काका कोण, ते हेच. हा आजार नाहीये आणि दुर्मिळ तर अजिबातच नाही. डेन्मार्कमध्ये २० ते ९७ वयाच्या १४७० लोकांना विचारून रुबिन आणि बर्न्टसेन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली मांडलं की चाळिशीनंतर माणूस स्वतःला साधारण २० टक्के लहान समजतो, म्हणजे पन्नाशीतला आतून चाळिशीचा, आणि पंचविशीच्या आतली मुलं मात्र उलट स्वतःला मोठी समजतात. नेदरलँड्समध्ये एमिल राटेलबांड नावाच्या ६९ वर्षांच्या गृहस्थांनी तर वय कायद्याने २० वर्षं कमी करून मागितलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये कोर्टाने नाही सांगितलं, तुम्ही मनाने खुशाल तरुण रहा पण जन्मतारीख बदलणार नाही, कारण मतदान, लग्न, शाळेची सक्ती असे कितीतरी हक्क आणि नियम वयावर उभे आहेत.

आता यात सुख असतं. पण दुसरा एक प्रकार आहे त्यात सुख नसतं आणि लोक दोन्ही एकच समजतात. त्यात माणूस तरुण नाही, लहान वाटतो स्वतःला. ऑफिसात दहा जणांची टीम सांभाळणारी बाई घरी वडिलांनी आवाज चढवला की दहावीतल्या मुलीसारखी गप्प होते, होम लोनच्या कागदांवर सही करताना वाटतं की कोणीतरी मोठं माणूस सोबत पाहिजे होतं, बरोबरीचे सगळे मोठे झाले आणि आपणच मागे राहिलो.

कारणं एकच नसतात. आपल्याकडे साइड कुठली, नोकरी कुठली, स्थळ कुठलं हे सगळं घरचे ठरवतात, मग स्वतः ठरवायची आणि चुकायची सवय लागणार कधी? काहींचं उलट झालेलं असतं, आई आजारी किंवा वडील दारू पिणारे, त्यामुळे धाकट्यांचं करता करता बालपण गेलं, सगळे म्हणायचे किती समजूतदार पोर आहे, आणि तेच पोर तिशीत येऊन कोणीतरी आपलं करावं म्हणून तळमळतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं अवघड जाण्याची अडचण, असेल तर राग, रडू आवरणं वयाच्या मानाने जड जातं. शिवाय शिक्षण, नोकरी, लग्न सगळंच हल्ली उशिरा होतं, मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ हा मोठं होण्याचा वेगळाच टप्पा धरला तो याच बदलाकडे बघून.

अशा माणसाला "एवढा घोडा झालास तरी" हे ऐकवणं सगळ्यात वाईट, त्याने तो अजून आक्रसतो. घरच्यांनी त्याच्या वतीने फोन करणं, फॉर्म भरणं थांबवावं, चुकला तर चुकू द्यावं. लहानपणीचं काही खोल दुखणं असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी धरायची. पन्नाशी साठीतलं माणूस आधी नीट होतं आणि काही महिन्यांत हट्टी, पोरकट, वाटेल ते बोलणारं झालं तर त्याला म्हातारचळ म्हणून हसू नका. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या मेंदूच्या आजारात बऱ्याचदा विसरण्याच्या आधी स्वभावच बदलतो, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.