आखाजीचं साल आणि हॉकीतली पगारमर्यादा

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. त्या सकाळी ओसरीत घोंगडी पडायची. वडील आणि सालदार समोरासमोर बसायचे आणि आधी आकडा कुणी काढायचा म्हणून दोघंही पानाला चुना लावत वेळ काढायचे. शेवटी वडीलच विचारायचे, "मंग, औंदा कितला?" रोख रक्कम, ज्वारीची पोती, कपड्यांचा जोड, वहाणा, आधीची उचल, सगळं एका वहीत उतरायचं. एका वर्षी शेजारच्या केळीवाल्याने आमच्या सालदाराला दोन पोती जास्त कबूल केली. वडिलांनी तेवढीच देऊन त्याला थांबवलं, पण त्या साली गुरांमागचा पोरगा सोडावा लागला. वहीतली बेरीज तेवढीच होती.

2024 च्या ऑक्टोबरात हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला आणि हरमनप्रीत सिंगसाठी सूरमा क्लबने 78 लाख मोजले. तेव्हा गावातली पोरं विचारत होती, एकावर एवढे घातले तर बाकीच्यांना काय देणार? मला ती वहीच आठवली. कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं हा हिशेब जिथे सगळ्यात कडक झाला, ती जागा मात्र आपल्या मैदानी हॉकीतली नाही. ती आहे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीची लीग, एनएचएल.

तिथे जुन्या काळी प्रश्नच नव्हता. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबचाच राहायचा. दुसरीकडे जायची सोय नाही, म्हणजे भाव मालक म्हणेल तो. तरीही महामंदीत मालकांचेच हात आखडले आणि 1930 च्या दशकात संघाच्या एकूण पगारांना 62,500 आणि एका खेळाडूला 7,000 डॉलर अशी मर्यादा आली. महागडे खेळाडू तेव्हाही याच कारणाने दुसऱ्या संघांकडे गेले. पुढे 1957 मध्ये टेड लिंडसे या खेळाडूने खेळाडूंची संघटना उभी करायचा प्रयत्न केला, तो मोडून काढला गेला. टिकली ती 1967 ची संघटना. पण भाव खरा फुटला 1972 मध्ये, डब्ल्यूएचए ही दुसरी लीग उभी राहिल्यावर. तिच्या विनिपेग संघात यायला एनएचएलचा तारा बॉबी हल याला सहीसाठीच 10 लाख डॉलर मिळाले. शेजारचा केळीवाला आल्याशिवाय सालदाराचा भाव कळत नाही, तसंच हे.

मग पगार चढत गेले आणि मालक म्हणू लागले, परवडत नाही. 2004-05 चा अख्खा हंगाम मालकांच्या टाळेबंदीत गेला. 16 फेब्रुवारी 2005 ला तो रद्द झाल्याचं आयुक्त गॅरी बेटमन यांनी जाहीर केलं. 1919 च्या साथीनंतर पहिल्यांदाच स्टॅनली कप, म्हणजे विजेतेपदाचा चषक, कुणालाच मिळाला नाही. तडजोडीत चालू करारांचे पगार 24 टक्क्यांनी कापले गेले आणि प्रत्येक संघाच्या एकूण पगारांना 3 कोटी 90 लाख डॉलरची कमाल मर्यादा लागली. खालचीही हद्द ठरली, 2 कोटी 15 लाखांची, म्हणजे कंजूष मालकालाही तेवढे खर्च करणं भाग. एकट्या खेळाडूला मर्यादेच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरलं.

या नियमाने जिंकणाऱ्याचं घर कसं मोडतं ते शिकागोने 2010 मध्ये पाहिलं. 49 वर्षांनी कप घरी आला. पण जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाचा भाव वाढलेला असतो आणि मर्यादा तेवढीच असते. जोनाथन टेव्ज आणि पॅट्रिक केन या दोन पोरांना वर्षाला 63 लाख डॉलरप्रमाणे आधीच बांधून घेतलेलं होतं. बायफ्युग्लिन, लॅड, व्हर्स्टीग यांना उन्हाळ्यातच दुसऱ्या संघांत धाडलं. त्यात सॅन होजेने शिकागोच्या याल्मारसन या बचावपटूपुढे 4 वर्षांचा, 1 कोटी 40 लाखांचा करार ठेवला. असा करार आला की मूळ संघाने सात दिवसांत तेवढेच द्यायचे, नाहीतर खेळाडू सोडायचा. शिकागोने दिले. मग कप जिंकून देणारा गोलरक्षक निएमी याचा पगार लवादाने 27.5 लाख ठरवला, तेव्हा मर्यादेत जागा उरली नव्हती. त्याला सोडलं आणि 13 लाखांत वयस्क मार्टी टर्को आणला. निएमी गेला कुठे? सॅन होजेला, 20 लाखांवर. ही खेळी ठरवून होती की आपसूक जमली, कोण जाणे, पण आमचा केळीवाला खूश झाला असता. (शिकागोने 2013 आणि 2015 मध्ये पुन्हा कप जिंकला, आणि त्यात टेव्ज, केन, याल्मारसन तिघंही होते.)

पळवाटाही निघाल्या. संघाच्या हिशेबात कराराची वार्षिक सरासरी धरतात, म्हणून करार लांबवून शेवटची वर्षं नाममात्र पगाराची ठेवायची. न्यू जर्सीने कोव्हलचुक या खेळाडूला 17 वर्षं आणि 10 कोटी 20 लाखांचा करार दिला, तो संपेपर्यंत पठ्ठ्या 44 वर्षांचा होणार होता. लीगने तो फेटाळला. 2013 च्या नव्या करारनाम्यात स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त 8 वर्षं, बाहेरच्याला 7 असं कुंपण आलं. हे जास्तीचं एक वर्षच आपला माणूस राखायला मालकाचं हत्यार ठरलं. कोरोनात मर्यादा तीन हंगाम 8 कोटी 15 लाखांवर गोठली आणि मधल्या दर्जाच्या खेळाडूंचे हाल झाले. तारे महागच राहिले, पोरं स्वस्तच, कात्री लागली मधल्यांना. 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाखांवर गेली.

आपल्याकडे 2024 च्या लिलावात पुरुष संघाची थैली होती 4 कोटी आणि माणसं 24. हरमनप्रीतचे 78 लाख म्हणजे साडेएकोणीस टक्के, तिकडच्या 20 टक्क्यांच्या कुंपणाला जवळजवळ टेकलेले. पोरांच्या प्रश्नाचं उत्तर मी पारावर वहीच्याच पद्धतीने काढून दाखवलं: उरले 322 लाख, माणसं 23, डोई 14 लाख. "म्हणजे गुरांमागचा पोरगा गेला," मागून एक म्हातारा म्हणाला.